दस्तीखाली दिलेला हात

लातूरच्या एका म्हाताऱ्या जनावरांच्या दलालानं मला फसवलं. मी सतरा वर्षांचा होतो, तो सत्तरीच्या पुढचा, आणि त्या शहरात मला दुसरा एकही दोस्त नव्हता. हे आधीच सांगून टाकतो. कारण ही गोष्ट सांगायला बसलं की ऐकणारे मधेच म्हाताऱ्याच्या प्रेमात पडतात आणि शेवटी मलाच समजावायला लागतात.

आज मी अर्धापुरात केळीचा व्यापार करतो. बागेत उभा राहून, घडाला हात लावून, सगळ्यांसमोर मोठ्यानं भाव सांगतो. समोरच्यानं उगाच घोळ घातला की माझा आवाज चढतो. माझ्या तोंडाला लागू नये, असं आमच्या भागात लोक म्हणतात. त्यांना सांगितलं की हाच माणूस एकेकाळी आठ महिने दुसऱ्याच्या नावानं जेवत होता, तर कोणी विश्वास ठेवत नाही.

पण ते खरं आहे. आमचं गाव देगलूर तालुक्यात. वडील शाळेत शिपाई. पोरगा डॉक्टर झाला पाहिजे म्हणून त्यांनी दहावीनंतर मला लातूरला क्लासला घातलं. एका खोलीत तीन खाटा, कोपऱ्यावर खानावळ. खानावळवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी मला माझ्या खोलीत आधी राहून गेलेल्या पोराच्या नावानं हाक मारली. मी "हो" म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. आता सांगायचं कसं, असं वाटून गप्प बसलो, आणि मग ते नाव मला चिकटलं. तिसरी पोळी मागायची तर त्या पोराच्या नावानं मागावी लागली असती. म्हणून मी दोनच पोळ्या खायचो.

क्लासमध्ये जत्रेएवढी पोरांची गर्दी. सर नाव घेऊन उभं करायचे, तेव्हा उत्तर येत असूनही मी "येत नाही" म्हणून खाली बसायचो.

आमच्या बिल्डिंगच्या फाटकापाशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसलेला असायचा. बिल्डिंग त्याच्या मुलाची. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. निलंग्याकडचा लिंगायत माणूस, बोलताना मधेच कानडी शब्द टाकायचा. टँकरवाल्याशी भांडणं हे त्याचं एकच काम, आणि त्या वर्षी लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे त्याला काम भरपूर होतं. एरवी तो गप्प बसायचा. फक्त त्याची बोटं मांडीवर सतत काहीतरी मोजत असायची.

एके संध्याकाळी मी फाटकाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. खोलीत दोघांनी आतून कडी लावून मित्र जमवले होते आणि दार वाजवणं माझ्याच्यानं झालं नव्हतं.

"काय करून राहिलास इथं?" आप्पानं विचारलं.

मी पुस्तक दाखवलं.

"खोलीत दिवा न्हाई का?"

मी मान हलवली.

"हाय का न्हाई?"

मी पुन्हा तशीच मान हलवली. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाला, "बोलायचं न्हाई तर नको बोलू, लेका. हात दे."

त्यानं माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि खांद्यावरची दस्ती काढून दोन्ही हातांवर टाकली. दस्ती म्हणजे आमच्याकडचा मोठा रुमाल. मग कपड्याखाली त्यानं माझं एक बोट धरलं. "हे एक." दोन बोटं धरली. "दोन." चार बोटांपर्यंत गेला, मग सगळा पंजा धरला. "पाच. पंजा सोडून एक बोट धरलं की सहा. आधी दहाचं धरायचं, मग सुट्टं. पुढं हजार हायेत का शंभर, ते जनावर बघूनच कळतंय."

जनावरांच्या बाजारात दलाल आणि विकणारा असा भाव करतात हे मी आजोबांसोबत लांबून पाहिलं होतं. जवळ कधी गेलो नव्हतो. मी त्याला पहिला प्रश्न विचारला, आणि लातुरात आपणहून कोणाला विचारलेला तो माझा पहिलाच प्रश्न. "झाकायचं कामून?"

"भाव बाहेर फुटला तर चार जणं मधी पडतेत," तो म्हणाला. "आन् दुसरं, माणूस किती खाली आला हे त्याच्या आन् माझ्याच हाताला ठाऊक. घरी जाऊन त्यानं काय बी सांगावं. त्याची लाज झाकती दस्ती."

हे मला फार आवडलं. ज्याला बोलायची लाज वाटते त्याच्यासाठी कोणीतरी एवढी मोठी सोय करून ठेवली होती आणि मला पत्ताच नव्हता.

मग रोज संध्याकाळी क्लासवरून आलो की आमचा बाजार भरायचा. आप्पा समोरच्या कशाकडेही हनुवटी करायचा आणि त्याचा सौदा सुरू. पाण्याचा टँकर. शेजाऱ्याची स्कूटी. गल्लीतलं कडुलिंबाचं झाड. एकदा क्लासच्या जाहिरातीवरचे सर आम्ही फोटोसकट विकले, भाव फार आला नाही. रस्त्यानं जाणाऱ्यांना दोन माणसं एका रुमालाखाली हात घालून अर्धा अर्धा तास मुकाट बसलेली दिसायची.

"मामंजी, त्या लेकराला अभ्यास करू द्या," त्याची सून वरून म्हणायची.

"अभ्यासच चालू हाय," आप्पा म्हणायचा.

खेळाचा शेवट ठरलेला असे. मी विकणारा, तो घेणारा. तो मला दाबत दाबत खाली आणायचा आणि मी माझ्या शेवटच्या आकड्यावर आलो की हसून हात काढून घ्यायचा. हात काढला की सौदा तुटला. "बघ," म्हणायचा, "इथं तुझा तळ हाय. मला कळला." तो कसा कळतो, हे मी शंभरदा विचारलं. "तुझं एक बोट सांगतंय. कोणतं ते इचारू नको. ठाऊक झालं तर तू ते लपवशील आन् दुसरं सांगायला लागंल."

मी स्वतःच्या हाताकडे बघत बसायचो. रसायनशास्त्राच्या तासाला वहीखाली डावा हात घालून उजव्या हाताचं एकेक बोट धरून बघायचो. मला काहीच सापडलं नाही. आजही सापडलेलं नाही.

त्यानं दुसरी गोष्ट शिकवली ती तोंडाची. "भाव नंतर," तो म्हणायचा. "आधी इचार. कुठलं हाय, काय खातंय, कामून इकायलास. इचारल्याचं कोणाला वाईट वाटत न्हाई. कोणी इचारत न्हाई म्हणून तर माणसं बसून राहतेत." मी आधी टँकरवाल्याला विचारलं, पाणी कुठून आणता. तो पंधरा मिनिटं बोलला. विहीर, विहिरीचा मालक, मालकाचा जावई, जावयाचं लफडं, सगळं सांगितलं. मग न्हाव्याला विचारलं. मग झेरॉक्सवाल्याला. लोकांच्या पोटात एवढं भरलेलं असतं आणि एका प्रश्नात ते बाहेर येतं, याचंच मला नवल वाटायला लागलं. लाजाळू माणसाला वाटतं सगळे आपल्याकडे बघतायत. विचारायला लागल्यावर कळतं, प्रत्येक जण आपल्याच गोष्टीत बुडालेला आहे.

आठव्या महिन्यात मी खानावळीच्या मावशींना माझं खरं नाव सांगितलं.

त्यांचा पोळी वाढणारा हात थांबला. "मग आठ महिने मी जेवू कोणाला घातलं?"

"मलाच."

"आन् तू 'हो' म्हणत होतास?"

"हाव."

"मुडद्या," त्या म्हणाल्या आणि तिसरी पोळी वाढली.

त्याआधी, दिवाळीला घरी गेलो तेव्हा आजोबांना आप्पाबद्दल सांगितलं. आजोबांची दीड एकर जमीन, एक गाय. आमचं बौद्धांचं घर. आजोबांना बाजार चांगला ठाऊक होता. त्यांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "हात कपड्याखालून धरला का कपड्यावरून?"

"खालून. का?"

"आमच्या टायमाला आमची बोटं दस्तीवरून धरायचे. मधी कपडा ठेवून."

मग आजोबा म्हणाले, "चांगला माणूस दिसतोय." आणि उठून गाईला वैरण टाकायला गेले. परत लातूरला गेल्यावर हे मी आप्पाला सांगितलं नाही. पण त्यानंतर मी त्याला हात द्यायचो तेव्हा तो वेगळ्या मनानं द्यायचो.

आता खोंडाचं सांगतो. आमच्या गाईचा एक गोऱ्हा होता, लाल कंधारी जातीचा, विटकरी रंगाचा, डोळ्यांभोवती काळं. जन्मला तेव्हा मी आठवीत होतो. त्याला पहिलं दावं मी बांधलं. घरात मी माणसांशी बोललो नसेन एवढं त्याच्याशी बोललो होतो. आप्पाला त्याच्याबद्दल ऐकायला फार आवडायचं. दात किती झाले, वशिंड कसं उठलंय, पायात पाय घालतो का, बुजतो का. मला वाटायचं, माझं कोणीतरी एवढं मन लावून ऐकतंय. मीही सगळं सांगायचो. चाऱ्याला काय, रात्री कोणत्या कुशीवर बसतो, सगळं.

बारावीच्या वर्षी आजोबा गोठ्यात घसरून पडले आणि कमरेनं गेले. खोंड चार दाती, म्हणजे ऐन ताकदीचा झाला होता, सांभाळणार कोण? विकायचं ठरलं. काका म्हणाले, मी नेतो. तेव्हा मी म्हणालो, "मी नेतो."

घर हसलं. माय म्हणाली, "एसटीत तिकीट मागाया येत न्हाई तुला." आजोबा हसले नाहीत. त्यांनी खाटेवरून दावं माझ्या हातात दिलं. "अठ्ठावीस हजारांच्या खाली सोडू नको. त्याच्या वर जे आणशील ते तुझं कसब."

माझ्यासाठी ते पैशाचं काम नव्हतं. सतरा वर्षांत पहिल्यांदा घरानं माझ्या तोंडावर भरवसा ठेवला होता. मी तिथून काय घेऊन येतो त्यावर, मी कोण आहे हे ठरणार होतं. निदान मला तसं वाटत होतं.

जायच्या आधी लातूरला होतो तेव्हा आप्पाला सांगितलं, बाजार कोणता, दिवस कोणता. आकडा सांगितला नाही, तेवढं शहाणपण त्यानंच दिलं होतं. "तुम्ही येता का सोबत?" मी विचारलं.

"मी दलाली सोडली," तो म्हणाला. "तू जा. तुला येतंय आता."

बाजार उदगीरच्या अलीकडचा. आम्ही पहाटे टेम्पोनं गेलो, मी आणि गावातला टेम्पोवाला. सकाळच्या पहिल्या तासातच कंधारकडचा एक शेतकरी एकतीसपर्यंत आला. चांगला माणूस वाटला. "एक फेरी मारून येतो, दावं सोडू नका," म्हणाला. मी त्याला त्याच्या गावाचं, बैलांचं, पोरांचं विचारलं होतं. माझा आवाज कुठंही अडला नाही. मला स्वतःचंच नवल वाटत होतं.

तेवढ्यात कर्नाटकातलं एक गिऱ्हाईक आलं. पांढरं धोतर, मागं दोन गडी. त्याच्यासोबत दलाल होता. तो दलाल आप्पा होता.

त्यानं मला ओळख दाखवली नाही. खोंडाच्या तोंडात हात घालून दात बघितले, शेपटीला हात लावला, मालकाशी कानडीत काही बोलला. मग माझ्याकडे आला आणि दस्ती काढली.

मला हसू येत होतं. वाटलं, म्हातारा गिऱ्हाइकासमोर नाटक करून राहिला आणि आपल्याला वर नेणार. म्हणून तर आला. नाहीतर दलाली सोडलेला माणूस इतक्या लांब कशाला येईल? मी हात दिला. त्यानं पंचवीस धरले. मी छत्तीस. तो सव्वीस. मी चौतीस. त्याचा हात तोच होता, रोजचा, कोरडा आणि गरम. तो दाबत गेला आणि मी रोजच्यासारखा खाली येत गेलो, कारण शेवट मला माहीत होता. मी तळाशी आलो की तो हसणार आणि हात काढणार. मग मी कंधारवाल्याची वाट बघणार.

मी अठ्ठावीसवर आलो. त्यानं हात काढला नाही. दस्ती झटकन ओढली, माझ्या उघड्या तळहातावर टाळी दिली आणि मोठ्यानं म्हणाला, "झाला सौदा."

टाळी पडल्यावर मागं फिरता येत नाही. फिरलं तर पुन्हा त्या बाजारात कोणी दावं धरत नाही. गिऱ्हाइकानं पैसे मोजले, पावती झाली, गड्यांनी खोंड नेला. जाताना तो बुजला नाही, मला तेवढंच दिसलं. आप्पा दोन्हीकडची दलाली घेऊन त्यांच्या मागं गेला; माझ्या बाजूची मी खानावळीसाठी जपलेल्या पैशांतून दिली. कंधारवाला फेरी मारून आला आणि म्हणाला, "अहो, थांबायचं की. मी पस्तीसपर्यंत आलो असतो."

घरी सगळ्यांनी पाठ थोपटली. आजोबांनी पैसे मोजले, म्हणाले, "बोललो तेवढे आणलेस." ते खुश होते. मी कोणाला काही सांगितलं नाही. लाज झाकती दस्ती. झाकली तिनं.

तिसऱ्या दिवशी लातूरला आलो. तो खुर्चीवर होता.

"बस," म्हणाला.

"खोंड कुठं गेला?"

"बसवकल्याणच्या अंगाला. चांगलं घर हाय. खाया घालतील."

"तुम्ही दलाली सोडली म्हणला होतात."

"सोडलीच हाय."

"मग परवा काय होतं?"

"परवा बाजार होता."

"मला वाटलं तुम्ही हात काढाल."

"कामून?"

"रोज काढता."

"रोज खेळ असतोय. बाजारात तुझा हात तू काढायचा."

तिथं मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. एवढ्या मोठ्यानं की समोरच्या बिल्डिंगमधली पोरं गॅलरीत आली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. आजोबांचं, कपड्यावरून धरलेल्या बोटांचं बोललो, ते आठवतं. तुम्ही मधला कपडा काढलात तो कशासाठी काढलात, असंही विचारलं. तो ऐकत राहिला. त्याचा मुलगा धावत खाली आला, तेव्हा आप्पा त्याला म्हणाला, "बघ. आवाज फुटला त्याला."

हे वाक्य मला आजपर्यंत पचलेलं नाही. मी त्याच आठवड्यात खोली सोडली. बारावीला जेमतेम गुण पडले, डॉक्टरकीचा विषय घरात कोणी पुन्हा काढला नाही. अर्धापुरात एका केळीच्या व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर लागलो, मग घडांच्या कटाईवर, मग स्वतःचा पहिला ट्रक भरला. कोणाचा एक पैसा घेतला नाही.

ज्यांना ज्यांना हे सांगितलं, ते म्हणतात, अरे, त्यानं तुला धडा दिला, त्यानंच तुला माणूस केलं. मी व्यापारी आहे, मला माल दोन्ही बाजूंनी बघायची सवय आहे. म्हणून एकेक बाजू बघतो. मला ताप आला होता तेव्हा तो दोन दिवस खाली बसला नाही, वर माझ्या खाटेपाशी बसून होता. हे खरं. माझा हात त्यानं पहिल्या दिवशी जात न विचारता, मधे कपडा न ठेवता धरला. हेही खरं. पण माझं नाव त्यानं दुसऱ्या महिन्यात विचारलं आणि खोंडाचे दात पहिल्याच आठवड्यात. आणि धडाच द्यायचा होता तर दोन्हीकडची दलाली कशाला खिशात घातली? धडा देणारा माणूस टाळी देत नाही. दिली तर रात्री येऊन दलाली परत करतो.

पण मग माझा ओरडा ऐकून तो हसला का नाही? रागावला का नाही? मला तोटा झाल्याचं एवढं वाईट नाही वाटलं कधी. तो कोण होता, हे कळत नाही, त्याचं वाईट वाटतं. इतक्या वर्षांत हजार माणसांशी सौदे केले, प्रत्येकाचा तळ मला कळतो. त्याचा कळत नाही.

मागच्या वर्षी लातूरला कामाला गेलो तेव्हा त्या गल्लीत शिरलो. बिल्डिंगवर आणखी एक मजला चढलाय. तो तिथंच होता, टाकीच्या बाजूला. डोळ्यांनी कमी दिसतं आता. "कोण?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं मान हलवली, जणू मी कालच गेलो होतो.

"काय करतोस?"

"केळी."

"काय भाव चाललाय?"

मी भाव सांगितला. तो म्हणाला, "बरा हाय." सुनेनं चहा आणला. आम्ही अर्धा तास बसलो. टँकर आला, त्याच्याशी आता सून भांडते. मी एक शब्द विचारला नाही. बागेत दहा माणसांवर ओरडणारा मी, तिथं पुन्हा दोन पोळ्या खाणारा पोरगा होऊन बसलो आणि कप खाली ठेवून निघून आलो. परतीच्या रस्त्यावर स्वतःचा एवढा राग आला की लोह्याजवळ गाडी बाजूला लावावी लागली.

म्हणून हे लिहिलं, आणि त्याच्याच पत्त्यावर पाठवतोय. सून वाचायला-लिहायला जाणते, ती वाचून दाखवेल.

आप्पा, पहिल्या संध्याकाळी माझा हात धरलात तेव्हा तुम्हाला खोंड माहीत नव्हता. ती संध्याकाळ मी तुमची मानतो, त्यावर माझं काही म्हणणं नाही. खोंडाचं मी चौथ्या संध्याकाळी सांगितलं. त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही कोणाचा हात धरत होतात, माझा की खोंडाच्या मालकाचा? बसवकल्याणचं गिऱ्हाईक तुमच्या डोक्यात कधी आलं, त्या आठवड्यात की बाजाराच्या आदल्या दिवशी? मला दलाली परत नको, खोंड तर आता नसेलच. केळीचा भाव विचारू नका आणि चहा मागवू नका. मी येत्या महिन्यात येतोय. तुमच्या मुलासमोर, सुनेसमोर, तोंडानं सांगा. तुम्ही सांगेपर्यंत मी फाटकातून हलणार नाही.